मोठ्या मॅडम

माझे केस पस्तिशीच्या आतच पांढरे व्हायला लागले आणि मी ते रंगवत नाही. अर्थशास्त्र विभागात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिथे पीएच.डी. करणाऱ्याचे केस पिकले की काम पुढे सरकतंय असं धरतात. जनावरांच्या दवाखान्यात मात्र पांढरे केस ही पदवीच असते. पदवी नसताना ती डोक्यावर घेऊन फिरल्यामुळे माझ्यावर जे प्रसंग आले, ते सांगायचे तर आधी मी या वयात तिथे काय करत होते, ते सांगायला हवं.

माझ्या प्रबंधाचा विषय दूधदर आणि अल्पभूधारक उत्पादक असा होता. गोठ्याबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, शेतकऱ्यानं दिलेला अति गोड चहा घ्यायचा आणि प्रश्नावली भरायची. गाईचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घनांशाला, काय भावानं जातं, पॉइंट खाली आला की कसे पैसे कापतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गाय मात्र मी समोरूनच पाहिली होती, तीही अंतर राखून.

एके दिवशी मार्गदर्शकांनी तिसरं प्रकरण पुन्हा परत पाठवलं. त्याच दुपारी एका गोठ्यात एका वासरानं माझं बोट तोंडात धरलं आणि चोखत राहिलं. मी हेलावून गेले. इतक्या वर्षांत माझ्या कामात एवढा रस कुणीच घेतला नव्हता. हा आपल्याला आलेला सांगावा आहे, अशी माझी खात्री पटली. वासरू बोट, ओढणी, दोरी, बादलीची कडी, जे तोंडाशी येईल ते चोखतं, हे मला पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात कळलं. तोवर फी भरून झाली होती.

त्यात भर म्हणून मी जेम्स हॅरियटची पुस्तकं वाचली होती. यॉर्कशरच्या टेकड्या, बर्फ, मध्यरात्री अडलेली गाय, असं सगळं. हा माणूस १९३९ साली ग्लासगोतून पशुवैद्य होऊन बाहेर पडला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुस्तकं लिहायला त्यानं पन्नाशीच्या सुमारास घेतली. म्हणजे अंगमेहनत तरुणपणी आणि आठवणी म्हातारपणी, असा त्याचा सरळ हिशेब. मी तो उलटा लावला होता.

आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "ढोरांची डॉक्टर?" एवढंच म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. म्हणजे पदवी हातात येईपर्यंत मी बेचाळिशीत. मी तिला ठरलेलं उत्तर दिलं, की नाही शिकले तरी बेचाळीस होणारच आहेत. ती म्हणाली, "होतील ना. पण पगार घेत होतील." मग मी वर्गीस कुरियन काढले. ते मुळात मेकॅनिकल इंजिनियर, दुधात काडीचा रस नाही, १९४९ साली आणंदला गेले आणि बघ काय उभं केलं. आई म्हणाली, "त्यांना सरकारनं पाठवलं होतं. तुला कोण पाठवतंय?"

सरकार मला पाठवणार नव्हतं, एवढंच नव्हे तर घेणारही नव्हतं. पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर एमपीएससी द्यावी लागते आणि तिथे खुल्या प्रवर्गाला वयाची अट अडतीसची. नोकरीला लागायच्या आधीच सेवेतून बाद होण्याची अशी सोय फार थोड्या अभ्यासक्रमांत असेल. नवऱ्यानं मात्र पाठिंबा दिला. त्याची एकच अट होती, की घरात काही जिवंत आणायचं नाही. मेलेल्याबद्दल तो बोलला नव्हता. ते पुढे माझ्या उपयोगी पडलं.

प्रवेश नीटवर होतो. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ साली उठली, म्हणून मला दार उघडं होतं. बारावीला दोन्ही ग्रुप घेतल्यामुळे जीवशास्त्रही पदरी होतं, जरा विटलेलं. माझी भाची त्याच वर्षी परीक्षेला बसत होती. ती मला सेंद्रिय रसायन शिकवायची आणि मधेच थांबून कुतूहलानं विचारायची, "मावशी, पीएच.डी.ला बसलेल्या माणसाला नक्की काय येतं गं?" मी तिला नकारात्मक गुणांचं गणित करून दाखवलं. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, पर्याय चार. म्हणजे डोळे मिटून गोळा काळा केला तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, एकही प्रश्न सोडायचा नाही! अर्थशास्त्राचा मला आयुष्यात झालेला हा पहिला रोख फायदा. भाची म्हणाली, "मी उत्तरं शोधून लिहीन." ती आज एमबीबीएसला आहे.

महाराष्ट्रातली जुनी सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं म्हणजे १८८६ पासूनचं मुंबईचं परळ, मग नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, सगळी नागपूरच्या माफसू विद्यापीठाच्या छत्राखाली. मी कुठे पडले ते सांगत नाही, त्यांनाही अब्रू आहे. पहिल्या तासाला मी वर्गात शिरले आणि सगळा वर्ग उभा राहिला. मीही मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग मुलांना उलगडा झाला. पुढे मी समोर 'ताई' आणि पाठीमागे 'काकू' झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र मी कुणीच नसायचे, कारण माझ्या नोट्स वाचून कुणी पास झाल्याचं ऐकिवात नव्हतं. मुद्देसूद मांडणी, पूर्वअभ्यासाचा आढावा, उपशीर्षकं, सगळं असायचं. फक्त स्नायूचं नाव राहून जायचं.

शरीररचनाशास्त्रानं माझा घाम काढला. गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या, घोड्याला अठरा. गाईला वरचे पुढचे दात नाहीत, घोड्याला पित्ताशय नाही. गोवंशाच्या हृदयात चक्क हाड असतं. हे वाचल्यावर मी दोन दिवस घरी सगळ्यांना फोन करून सांगत होते आणि आई दर वेळी म्हणायची, "जेवलीस का?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. त्यांनी माझ्या हातात एक हाड दिलं. कुठलं ते मी ओळखलं, मांडीचं. "डावं की उजवं?" हाड फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांची सवय जाते कुठे? मी म्हणाले, "सर, एका बाजूनं पाहिलं तर डावं वाटतं. पण दुसऱ्या बाजूनं विचार केला तर उजव्याची शक्यता नाकारता येत नाही." त्यांनी शांतपणे चष्मा काढला. "मॅडम," ते म्हणाले, "गाईला दोनच बाजू असतात. कुठली तरी एक घ्या." मी डावी घेतली. पन्नास टक्के शक्यता असूनही चुकले. नीटमध्ये पंचवीस टक्क्यांवर निभावलं होतं!

म्हणून मी एका सीनियरकडून हाडांचा संच मिळवला आणि भाड्याच्या खोलीवर नेला. घरमालकीणबाई सोवळ्याच्या. मी रात्री बारापर्यंत खांद्याचं हाड हातात धरून, डोळे मिटून, लॅटिन नावं पुटपुटत असे. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याशी लिंबू आणि हळदकुंकू आलं. चौथ्या दिवशी त्यांचे धाकटे दीर, सोबतीला शेजारचे दोघं. मी त्यांना समजावलं की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. दीर म्हणाले, "ते आम्ही तुम्हाला सांगायला आलोय." शेवटी हाडं ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप आणि किल्ली मालकीणबाईंकडे, अशी तडजोड झाली. रोज संध्याकाळी सात ते नऊ मला हाडं मिळत. नंतर नंतर त्या स्वतःच दारात बसून माझी उजळणी घ्यायच्या. "डावं का उजवं?" त्यांचं माझ्यापेक्षा लवकर पाठ झालं.

दोरकामाबद्दल फार बोलायला नको. जनावर आडवं पाडायची रूएफची पद्धत असते. मानेभोवती एक वेढा, छातीभोवती एक, कुशीतून एक, मग मागून सावकाश ओढायचं, की गाय आपसूक बसते. आमच्या बॅचला सगळ्यांची बसली. माझी गाय उभीच राहिली, मी बसले. बांधताना सुरगाठ मारायची, म्हणजे वेळ आली तर एका झटक्यात सुटते. मी निरगाठ मारली. वेळ आली. गाय गेली, तिच्याबरोबर लाकडी कठडाही गेला.

आता शिबिराचा प्रसंग. गावोगावी वंध्यत्व निवारण शिबिरं होतात. गाभण न राहणारी जनावरं गावकरी एका जागी आणतात आणि डॉक्टर तपासून देतात. आम्ही मुलं रजिस्टर लिहायला आणि बादल्या भरायला. आमचे सर तिशीचे, सडपातळ, चेहऱ्यावर अजून मिसरूड ताजं. जनावर तपासायच्या खोड्यापाशी मी उभी होते, पांढऱ्या कोटात आणि पांढऱ्या केसांत. पहिलाच शेतकरी सरांना वळसा घालून माझ्यासमोर म्हैस घेऊन आला.

"मोठ्या मॅडम, तुमीच बगा. ह्या पोरास्नी काय कळतंय?"

मी सरांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं गोठ्याबाहेरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला सर एकदा तरी आत शिरू देणार होतेच. ते हसू दाबून म्हणाले, "घाला हात. बघा काय लागतंय."

खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबण लावला, डावा हात आत घातला. हॅरियटनं इथलं सगळं लिहिलेलं नाही. आधी शेण काढावं लागतं, हे मला पाठ होतं. काढताना मोजा घसरतो आणि ते आत शिरतं, हे पाठ नव्हतं. म्हशीनं आतून हात असा काही आवळला की बोटं आहेत की गेली, कळेना. भोवती अख्खा गाव. शेतकरी म्हणाला, "तीन महिनं झालं भरवून. उलटली न्हाय." म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. उत्तर त्यानंच दिलं होतं, मला फक्त ते शोधायचं होतं. आणि सापडलं! बोटांखाली पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी तंग, गुळगुळीत, हलतं लागलं. पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं.

"गाभण आहे," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "तीन महिन्यांची."

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्यानं टोपी सारखी केली. तेवढ्यात म्हशीनं शेपूट वर केलं, पाठ वाकवली आणि मुतायला लागली. खूप वेळ. घाई अशी तिला नव्हतीच. आणि माझ्या बोटांखाली ते तीन महिन्यांचं गाभणपण लहान होत, होत, नाहीसं झालं.

मी हात आतच ठेवला. बाहेर काढून काय सांगायचं, सुचेना. माझा चेहरा बघून शेतकरी काय समजायचं ते समजला. खाली ओहोळाकडे बघत म्हणाला, "मॅडम, वाहून गेली का गाभण?"

मग सरांनी हात घातला, अर्धं मिनिट चाचपलं आणि म्हणाले, "रिकामी आहे." भरलेलं मूत्राशय गर्भाशय समजणं ही नवशिक्यांची रीतच आहे, असं त्यांनी मला नंतर जीपमध्ये समजावलं. त्यांच्या बोलण्यात 'नवशिक्या' हा शब्द फार वेळा आला.

शेतकऱ्याला मात्र त्यांनी तिथेच खाली बसून समजावलं. उलटली नाही म्हणजे गाभण, हा हिशेब गाईला बराचसा चालतो, म्हशीला चालत नाही. म्हशीला मुका माज असतो. ती ओरडत नाही, दुसऱ्यावर चढत नाही, माज येतो तो बऱ्याचदा रात्री आणि उन्हाळ्यात तर पत्ताच लागत नाही. पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी गोठ्यात चक्कर मारायची, बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसतो का बघायचं, तेवढी दोन मिनिटं दिली नाहीत की एकवीस दिवस फुकट. आणि ती फुकट उभी राहते म्हणजे वैरण, पेंड खाऊन उभी राहते. हे ऐकताना मला माझं तिसरं प्रकरण आठवलं. उत्पादकाचं नुकसान कुठे होतं, हे शोधायला मी तीन जिल्हे फिरले होते, बारा तक्ते काढले होते. या माणसाच्या गोठ्यात ते रात्री अंधारात गुपचूप होत होतं आणि माझ्या प्रश्नावलीत रात्रीबद्दल एकही प्रश्न नव्हता.

चहाच्या वेळी कुणीतरी दुधाची पावती पुढे केली. फॅट बरोबर असून पैसे का कमी आले? इथे माझी कळी खुलली. मी एसएनएफ समजावलं, कपात समजावली, पावतीच्या पाठीमागे तक्ता काढून दिला. माणसं जमली, पावत्या निघाल्या, सर एकटेच खोड्याशी उरले. सकाळचा शेतकरी सगळ्यांना सांगत होता, "ह्या मॅडमना कागदावरचं समदं कळतंय." पुढचं त्यानं मोठ्या मनानं गिळलं.

पुढच्या शिबिराला तो परत आला. म्हैस तीच, पण भोवती आता माणसं जास्त. सर पुढे झाले, तर त्यानं त्यांना हातानंच थांबवलं आणि दावं माझ्याकडे दिलं.

"मोठ्या मॅडम, या बारीला आधीच मुतवून आणलीया. आता बगा निवांत."