कपाटातली पैठणी

डॅलसजवळच्या फ्रिस्कोत माझा पुतण्या राहतो. घर लाकडाचं, कर्ज तीस वर्षांचं आणि घरविम्याचा हप्ता असा की आकडा ऐकून आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना घेरी यावी. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. स्वयंपाकघराची भिंत काळीठिक्कर, वरचं कपाट अर्धं जळालेलं आणि मधोमध वहिनी, हातात सोऱ्या. चकल्यांच्या तेलाने पेट घेतला होता.

"मग क्लेम कर की," मी म्हणालो.

पोरगा असा दचकला, जणू मी त्याला घटस्फोट घ्यायला सांगितलं. "काका, हळू बोला!"

झालंय असं, की दोन वर्षांपूर्वी गॅरेजमधून सायकली चोरीला गेल्या, तेव्हा त्याने क्लेम केला. पुढे शेजारचा पोरगा अंगणातल्या पायरीवरून पडला, त्याच्या दवाखान्याचा दुसरा. त्यावर कंपनीचं गोड पत्र आलं: आणखी एक झाला, तर नूतनीकरणाचं बघावं लागेल. पत्र कायदेशीरच. टेक्सासात तीन वर्षांत तीन क्लेम झाले, तर कंपनी पॉलिसी पुढे चालवायला नकार देऊ शकते. दुसऱ्यानंतर बजावायचं तेवढं बंधन. गारपीट-वादळाचे क्लेम यात धरत नाहीत, देवाची करणी म्हणून. पण हुरळू नका. गारांच्या नुकसानीत पहिला वाटा घरमालकाचा, आणि तो बहुधा टक्क्यांत. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर आधी तुमच्या खिशातून, मग कंपनीची उदारता.

"दुसरी कंपनी बघ." हाही माझाच सल्ला. पण तिथे 'क्लू' नावाची नोंदवही आहे. कोणी कधी काय मागितलं, सात वर्षांपर्यंतचा हिशेब तिच्यात. साडेसाती बरी, शनीला निदान तेल चालतं! शिवाय नोंद घराच्या नावावरही राहते, त्यामुळे आधीच्या मालकाच्या फुटक्या नळाचं पाप नव्याच्या माथी येतं. आणि विमा सुटला, तर कर्ज देणारी बँक स्वतःच महागडा विमा काढून बिल पोराच्या गळ्यात बांधणार. त्यात भिंती सांभाळायच्या त्या बँकेसाठी. आतलं सामान रामभरोसे.

"निदान विचारून तरी बघ." नुसत्या चौकशीला क्लेम धरू नये, असं टेक्सासचा कायदा सांगतो. पुतण्याचा कायद्यावर विश्वास आहे, फक्त फोन करायची हिंमत नाही. नावनंबर विचारतात ना!

वहिनी सगळं ऐकत होत्या. त्यांना एका फटक्यात कळलं. "म्हणजे माझ्या लग्नातल्या पैठणीसारखं. नेसली की जर तुटते, म्हणून चाळीस वर्षं नुसती उन्हात घालून परत कपाटात ठेवते. भाऊजी, तुमच्या मुंजीत एकदाच नेसले होते, तर तुम्ही पदरावर श्रीखंड सांडलंत."

माझा क्लेम अजून त्यांच्या वहीत आहे तर.

शेवटी पोराने पदरचे अडीच हजार डॉलर घालून रंगारी बोलावला. उरलेलं पीठ मात्र वहिनींना टाकवेना. "घरात नको, तर बाहेर अंगणात शेगडी मांडून तळते."

पुतण्या ओरडला, "आई, अंगण नको! अंगणाचा झालाय आधीच!"