तिसरा भाऊ

अमेरिकेत मुलाकडे चार महिने राहून आलेल्या मराठी आईबापांना हा शेजारी चांगला ठाऊक असतो. निवृत्त, धट्टाकट्टा, काखेत जाडजूड फाइल; आडनाव आयरिश आणि पणजीचं माहेर डच. हवापाण्याची चौकशी करावी तर गृहस्थ थेट 1847 सालात शिरतो, आणि चहा निवायच्या आत ते वाक्य येतंच : ‘आम्ही मूळचे तीन भाऊ. एक न्यूयॉर्कला राहिला, एक पश्चिमेला गेला, तिसऱ्याचा पत्ता लागला नाही.’ दोन भाऊ कधी येत नाहीत, चार तर नाहीतच. कॉर्कहून निघाले तरी तीन, रॉटरडॅमहून निघाले तरी तीन. वंशावळी धुंडाळणाऱ्या मंडळींत या त्रिकुटाची चेष्टा जुनीच आहे, पण ती दुसऱ्याच्या तीन भावांची. स्वतःचे तिघं प्रत्येकाला अस्सल वाटतात. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस पूर्वज शोधतच नाही. पूर्वज त्यानं आधीच पसंत केलेला असतो. राहतात ते फक्त कागद.

डच बाजूला त्याला राजघराणं हवं असतं. न्यू ॲमस्टरडॅमच्या वसाहतीतली आनेके यान्स ही बाई 1663 मध्ये वारली. मॅनहॅटनवर तिच्या कुटुंबाची सुमारे 62 एकर शेती होती, ती पुढे ट्रिनिटी चर्चकडे गेली. मॅनहॅटनच्या जागेला सोन्याचा भाव आला तसतसे आनेकेला वारसही फुटत गेले. पिढ्यान्‌पिढ्या चर्चवर दावे लागले, हरले, पुन्हा लागले. ‘वारसां’कडून वर्गणी गोळा करून पसार होणारे भामटे निघाले. मध्येच कुणीतरी आनेकेला ऑरेंजच्या राजपुत्र विल्यमची नात करून टाकलं आणि हॉलंडात तिच्या नावचा खजिना पडून असल्याची आवई उठवली. कागद काय सांगतात? बाईचा जन्म नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या फ्लेकेरॉय बेटावरचा, आई सुईण. राजकन्या नव्हतीच, जन्मानं डचही नव्हती. पण फाइलीतल्या वंशवृक्षावरचा मुकुट काही उतरत नाही.

आयरिश बाजूला राजपुत्र चालत नाही, तिथं पीडित लागतो. पणजोबाचा बाप बटाट्याच्या दुष्काळात उपाशी निघाला असला पाहिजे, जमीनदारानं त्याचं घर पाडलेलं असलं पाहिजे, आणि एलिस आयलंडवरच्या, स्थलांतरितांच्या नोंदीच्या ठाण्यातल्या मठ्ठ कारकुनानं त्याच्या नावाची वाट लावलेली असलीच पाहिजे. दुष्काळ 1845 ते 1852 चा. एलिस आयलंडचं ठाणं उघडलं 1892 मध्ये. म्हणजे पणजोबाचा बाप नाव बिघडवून घ्यायला चाळीस वर्षं रांगेत उभा होता! शिवाय तिथले कारकून नावं लिहीतच नसत. जहाज सुटायच्या बंदरात तयार झालेली उतारूंची यादी समोर धरून ते पडताळणी करत. आडनावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतःच, नंतर, नोकरीच्या किंवा शेजाराच्या सोयीनं. हे सांगून पाहा. तो तुमच्याकडे कारकुनाचा नातू असल्यासारखं बघतो.

यावर आक्षेप येतो की बिचाऱ्यानं करावं तरी काय, आयर्लंडचं दप्तर जळून गेलं ना? जळलं, हे खरं. 1922 च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्यात यादवीच्या आगीत शतकांची कागदपत्रं गेली. पण सगळा दोष आगीचा नाही. 1861 आणि 1871 च्या जनगणनेचे कागद सरकारनंच नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. आणि उरलं तेही थोडं नाही. गावोगावच्या कॅथलिक चर्चांच्या वह्या बऱ्याचशा चर्चांतच राहिल्या म्हणून वाचल्या. ग्रिफिथची मूल्यांकन-यादी वाचली, ती तर आपल्या सातबाऱ्याची चुलत बहीण शोभेल : कसणाऱ्याचं नाव, जमीन कुणाकडून घेतली, ‘घर व लहान बाग’, क्षेत्र, आणि शेवटी शिलिंगांत किंमत. तिच्यात ना बंडखोर, ना हुतात्मा. बायकामुलांचाही उल्लेख नाही. एका गावात पॅट्रिक मर्फी मात्र तीन सापडतात, आणि नेमके ते तिघं एकमेकांचे भाऊ नसतात. या गृहस्थाला नसलेले कागद आवडतात, कारण असलेले फार थोडं बोलतात.

मग म्हणाल, बिघडलं कुठं? पाच पिढ्यांमागे प्रत्येकाला 32 पूर्वज असतात. एक निवडला की 31 बाहेर उभे राहतात. ओबामांच्या त्या 32 जणांतला फालमथ कार्नी हा मोचीचा मुलगा 1850 मध्ये आयर्लंडमधलं मनीगॉल सोडून गेला, आणि आज त्या गावाजवळ हमरस्त्यावर ‘बराक ओबामा प्लाझा’ नावाचा पेट्रोलपंप, उपाहारगृहं असा थाट आहे. बाकीच्यांच्या नावानं कुणी सँडविच विकत नाही. आणि चुकीच्या निवडीत खरं माणूस पार पुसलं जातं. एलिस आयलंडवर उतरलेली पहिली मुलगी, कॉर्कची ॲनी मूर, पुढं टेक्सासला गेली आणि ट्रामखाली सापडून मेली, असं कित्येक वर्षं छापलं जात होतं. कथा झकास होती, पश्चिमेचं वारं तिच्यात होतं. पण ती ॲनी इलिनॉयमध्ये जन्मलेली दुसरीच निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्येच संसार करत राहिली. पुष्कळ मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणी गेली. 1924 मध्ये ती वारली आणि क्वीन्समध्ये बिननावाच्या थडग्यात पुरली गेली.

हे 2006 मध्ये उघडकीला आणलं ते याच जातीच्या चिवट लोकांनी, मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासक बाईंच्या पुढाकारानं. तेव्हा नाइलाजानं कबूल करायला हवं : एका गरीब बाईच्या मुलांच्या मृत्यूचे दाखले, पगार नाही, बक्षीस जेमतेम, तरी एकेक करून उलगडत बसणारं माणूस या जगात दुसरं कोण आहे? इतिहासकाराला ती आकडा म्हणून पुरते. याला ती कुठल्या गल्लीत राहत होती, ते हवं असतं. 2008 मध्ये तिच्या थडग्यावर आयरिश दगड बसला, आणि एवढ्या कागदपत्रांत आमच्या शेजाऱ्याचाही पहिल्यांदा थोडाफार मान राहिला. 1892 च्या 1 जानेवारीला ‘नेवाडा’ बोटीतून उतरलेली मूर भावंडं मोजून तीन होती : अँथनी, फिलिप आणि ज्याचा एवढी वर्षं पत्ता लागत नव्हता तो तिसरा भाऊ, ॲनी.