नाथसागराची सहल आणि पासष्ट टक्के

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुदखेडच्या माणसानं जायचं कुठं, यावर आमच्या गल्लीत आता एकमत आहे: पाणी बघायला. महाबळेश्वर लांब पडतं, गोवा महाग पडतो, आणि नळाला पाणी कधी येतं याची वाट बघत बसण्याला सहल म्हणता येत नाही. म्हणून पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, ठरला. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी, दहा किलोमीटरचा मातीचा बांध, २७ दरवाजे. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्यामुळं धरणावर आपला थोडा जास्त हक्क आहे, असं आमच्याकडं समजलं जातं. पाण्याला मात्र हे कुणी कळवलेलं नाही.

जायचं कसं, हा प्रश्न किरकोळ. मुदखेड जंक्शन आहे, मनमाडकडची गाडी मिळते. पैठणला रेल्वे नाही, तेव्हा संभाजीनगरला उतरून पन्नासेक किलोमीटर एसटी. फक्त गाडीवाल्याला ‘जायकवाडीला सोड’ म्हणू नका. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं तिथलंच राहिलं.

खरी अडचण आहे ती ‘कधी’ जायचं याची.

मे महिन्यात सुट्टी असते, पण पाणी नसतं. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. पोराला ‘सागर’ दाखवायला न्यावं आणि त्यानं ‘बाबा, हे तर वावर आहे’ म्हणावं, हा धोका पत्करून कोण जाणार? शिवाय मे महिन्यात टक्केवारीचा घोळ असतो. धरणाचा एकूण साठा १०२ टीएमसी, पण टक्के मोजतात ते वरच्या ७६ टीएमसीचे. खालचे २६ टीएमसी म्हणजे मृतसाठा. पेपरात ‘शून्य टक्के’ छापून येतं, तेव्हाही तिथं पाणी असतंच, फक्त मृत. अशा वेळी जाणं म्हणजे सहल नव्हे, सांत्वनाची भेट.

हिवाळा बरा, असं शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, थंडीत रोहित पक्षी येतात. उथळ पाण्यात त्यांचे पाय टेकतात, म्हणून ते खूश असतात. पाणी पसरट आणि उथळ असल्यामुळं सूर्यही खूश असतो. वाफ करून नेणारा त्याच्याइतका नियमित लाभधारक दुसरा नाही, आणि त्याला पाणीपट्टी नाही. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेलं ज्ञानेश्वर उद्यानही तिथं आहे. पण नाचणारी कारंजी बघायची म्हणून निघणाऱ्यांनी आधी उद्यान उघडं आहे का याची खात्री करावी. त्याची कुलपं पाहून परतलेले पर्यटक पुष्कळ.

राहिला पावसाळा. तर पैठणला पाऊस पडून नाथसागर भरत नाही, तो पडावा लागतो नाशिकला. म्हणजे मुदखेडचा माणूस, पैठणची सहल आणि हवामान बघायचं त्र्यंबकचं. तिकडची धरणं आधी भरणार, मग आमच्याकडं पाणी सोडणार. यंदा नाही सोडलं तर? तर कायदा आहे. १५ ऑक्टोबरला नाथसागरात ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं की वरच्या धरणांतून सोडायचं. २०२३ साली ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, त्याआधी आणि नंतर मोर्चे, याचिका, बैठका. डबे काय बांधायचे हे घरात ठरतं, निघायचं कधी हे न्यायालयात.

उलट फार भरलं तरी पंचाईत. २००६ च्या ऑगस्टमध्ये इतकं पाणी सोडलं की पैठणच पाण्यात गेलं. तेव्हा सहलीला जावं लागलं नाही. तेच पाणी गोदावरीनं नांदेडपर्यंत आलं.

हे सगळं ऐकून आमची मामी म्हणाली, “एवढं लांब कशाला जायलाव? लातूरवाल्यावानी पाण्यालाच रेल्वेनं बोलवा की.” तिचं चुकलं म्हणता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. लोक स्टेशनवर पाणी बघायला गेले होते. मराठवाड्यातली तेवढी एकच सहल वेळापत्रकाप्रमाणं पार पडली असेल.

तरीही बेत रद्द नाही. पिशव्या भरून ठेवल्या आहेत, पोरांना गप्प बसवलं आहे. नाशिकच्या वाचकांना एकच विनंती: गंगापूर धरण भरलं की एक फोन करा. आणि कृपा करून, दरवाजे उघडल्याचं आम्हाला आधी सांगा, वकिलांना नंतर.