इअरबड धारणविधी (फक्त वाशिम जिल्ह्याकरिता)

सदर मार्गदर्शन वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील कानांना लागू आहे. अकोला जिल्ह्यातील कानांनी ते वापरल्यास हरकत नाही. १ जुलै १९९८ पर्यंत हे सगळे कान एकाच जिल्ह्यात नांदत होते. पुण्या-मुंबईच्या कानांनी मात्र आपापली सोय पाहावी. त्यांचे इअरबड मेट्रोत बसून प्रवास करतात, आपले शेतरस्त्याने. तो रस्ता इअरबड बनवणाऱ्यांच्या हिशेबात धरलेला दिसत नाही.

आधी परंपरा पाहू. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्यात मोठे काम झाले. सोळावे लेणे तर त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, दान दिले. अजिंठ्याच्या चित्रांतले कान जिज्ञासूंनी नीट पाहावेत. दागिने भलेमोठे आहेत, पण एखादा राजपुत्र ओणवा होऊन आसनाखाली काही चाचपतो आहे असे दृश्य मिळत नाही. कानाला भोक पाडून अडकवलेली वस्तू पडत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. कानफाट्या जोग्यांनी ते शेवटाला नेले आणि पाळी सोडून थेट कूर्चेतच मुद्रा घातली. पक्क्या बसणीचा इतका खात्रीचा उपाय अजून कोणत्याही कंपनीला साधलेला नाही. मात्र चिरलेला कान वॉरंटीत बसत नसल्यामुळे तो इथे सुचवता येत नाही.

भोक न पाडता वस्तू कानात टिकवायची तर गुरू एकच: अत्तराचा फाया. लग्नात तो कानाच्या वरच्या घडीखाली जी खोलगट जागा असते तिथे खोचतात, आणि माणूस पंगतीमागून पंगती वाढत फिरला तरी फाया हलत नाही. हल्ली काही इअरबडना जो रबरी पंख असतो तो अगदी याच जागी अडकवायचा असतो. पंख बोटाने वर, घडीच्या आत सारावा. पुष्कळ लोक तो कानाबाहेर फडफडत ठेवतात आणि मग पंखाला दोष देतात. दुसरा धडा बायकांच्या दागिन्यांत आहे. जड झुमक्याचा भार एकट्या पाळीवर पडू नये म्हणून वेल लावून तो केसांत अडकवतात. पोहरादेवीच्या यात्रेत जुन्या बंजारा बायका दिसल्या तर पाहावे: कानाशेजारी लोंबणाऱ्या घुगऱ्या केसांत गुंफलेल्या असतात, सारे वजन कानाबाहेर. कानामागून आकडा जाणाऱ्या इअरबडची युक्ती हीच आहे. ज्याच्या कानात काहीच टिकत नाही त्याने आकड्याचेच घ्यावेत, लाजू नये.

आता खोका. खोक्यात इअरबड, चार्जिंगची डबी, आखूड वायर, अतिसूक्ष्म अक्षरातले पुस्तक आणि एक चिमुकली प्लास्टिकची पिशवी असते. त्या पिशवीत बहुधा रबराच्या दोन जोड्या असतात, एक लहान, एक मोठी. मधल्या मापाची जोडी कारखान्यातूनच चढवून येते. वाशिम जिल्ह्यातला प्रत्येक कान मध्यम आहे असा निर्णय अशा रीतीने दूर कुठेतरी झालेला असतो आणि आपण तो मुकाट्याने मान्य करतो. पिशवी खोक्यात राहते, खोका माळ्यावर जातो. इअरबड पडायला लागले की माणूस वाशिमच्या पाटणी चौकात दुकान गाठतो. तिथला संवाद साधारण असा:

"भाऊ, हे बसतच नाही ना कानात."

"दाबा नं थोडं. दाबलं का बसते."

हा सल्ला सोयाबीनच्या पोत्याला ठीक आहे. कान बोळकांडीसारखा आहे: जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि मध्ये वळण. सरळ रेटलेली वस्तू त्या वळणावर भिंतीला टेकते, दुखते आणि ढिलीच राहते. म्हणून खरी रीत अशी: उजव्या इअरबडसाठी डावा हात डोक्यावरून न्यावा, कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढावा. त्याने वाट बरीच सरळ होते. नाक-कान-घशाचे डॉक्टर तपासताना हेच करतात. जुने गुरुजीही पाढे चुकल्यावर नेमके याच दिशेने ओढत, पण वाट मोकळी झाल्यावर आत काही घालायचे राहून जाई. कान ओढून धरून इअरबड आत ठेवावा, किंचित फिरवावा, मग कान सोडावा. रबराऐवजी फोम असेल तर तो आधी चिमटीत दाबून बारीक करावा आणि आत फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा.

बसला की नाही हे ओढून पाहू नका, ऐकून पाहा. पंख्याची घरघर दबली, गाण्यातला ढोलक भरला आणि स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमला, तर फट बुजली. ढोलक पत्र्यावर वाजतो आहे असे वाटले तर माप चुकले, मोठे रबर लावा. कान ठणकला तर लहान. आणि एका कानाला लहान, दुसऱ्याला मध्यम लागले तर घाबरू नये. दोन्ही कान तंतोतंत सारखे नसतात, आणि रबर दोन्हीकडे सारखेच हवे असा शासननिर्णय निघालेला नाही.

एवढ्यावर शहरी माणसाचे मार्गदर्शन संपते. आपली परीक्षा इथून पुढे आहे.

जबड्याचा सांधा कानाच्या वाटेला अगदी खेटून असतो. तोंड हलले की वाटेचा आकार बदलतो आणि नीट बसलेला इअरबड हळूहळू बाहेर सरकतो. घरी मऊ वरणभातावर घेतलेली चाचणी म्हणूनच ग्राह्य धरू नये. चाचणी रोडग्यांवर घ्यावी. गोवऱ्यांत भाजलेला रोडगा चावून चावून खाताना, वांग्याच्या भाजीने घाम फुटलेला असताना, शेजारचा "अजून घ्या नं बाप्पा" म्हणत असताना जो इअरबड जागेवर राहतो, तो बसला असे समजावे. ज्यांच्या तोंडात दिवसभर तंबाखूची पुडी असते त्यांचा जबडा थांबतच नाही. अशांना एकच उपाय आहे आणि तो इअरबडच्या दुकानात मिळत नाही. खिशात चुन्याची डबी आणि चार्जिंगची डबी एकत्र ठेवणाऱ्यांनी निदान खिसे तरी वेगळे करावेत.

उन्हाळ्यात दुपट्टा गुंडाळून मोटरसायकलवर निघणाऱ्याचा इअरबड पडत नाही हे खरे, पण ते श्रेय दुपट्ट्याचे. दुपट्टा सोडताना इअरबड त्याच्या घडीतून उडतो आणि नेमका उतरल्या जागी हरवतो. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे, तिथे चाचणी घ्यावी असे कुणाला वाटेल. त्यावर दुचाकीला बंदी आहे. तसेही गाडी चालवताना कान मोकळे असलेलेच बरे. मागून येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतो, ब्लूटूथने कळवत नाही.

मळणीच्या दिवसांत इअरबड घरी ठेवावेत. ही एक सूचना चेष्टेत घेऊ नये. यंत्रात कुणाचा पंचा किंवा हात अडकला तर "बंद कर" ही हाक पहिल्या दमातच ऐकू यायला हवी. शिवाय इअरबड ढिगात पडला तर नवे प्रश्न उभे राहतात. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत, असा निकष असतो. इअरबड कोणत्या रकान्यात धरायचा याचा त्यात उल्लेख नाही.

शेवटी आवाज. ढिल्या इअरबडमधून ढोलक गळतो, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि बाहेर कलकलाट असला की आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. नेमके बसलेले रबर म्हणजे कमी आवाजात पूर्ण गाणे. माळ्यावरच्या त्या पिशवीची खरी किंमत ही आहे.

रबर अधूनमधून काढून साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवूनच चढवावे, आणि दुसऱ्याच्या कानातले आपल्या कानात घालू नये, मग तो सख्खा साडभाऊ का असेना. कानाला खाज सुटली, दडा बसला किंवा पाणी येऊ लागले तर इअरबड बंद करून डॉक्टरांकडे जा. आणि तोवर कृपा करून काडीपेटीची काडी कानात घालू नका.