तारीखवार नाना

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. तो मुळात पाणी, वीज आणि मेंटेनन्सची थकबाकी यांच्यासाठी लावलेला. नाना साताऱ्याच्या जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन इथं मुलाकडे राहायला आले आणि फळ्याचा वरचा पाऊण भाग दिनविशेषाकडे गेला. पहाटे पावणेसहाला ते ओलं फडकं घेऊन उतरतात, कालचा दिवस पुसतात, आणि फळा वाळेपर्यंत खडूचं टोक फरशीवर घासत उभे राहतात. ओल्या फळ्यावर इतिहास उमटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

खालचा पाव भाग सेक्रेटरींचा. या सरहद्दीवर अधूनमधून चकमकी झडतात. गेल्या १८ जूनला वर नानांचं टपोरं अक्षर होतं : '१८१५, वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव. १९४६, मडगावात डॉ. लोहियांची सभा, गोवामुक्तीच्या लढ्याला तोंड फुटले.' त्याला चिकटूनच खाली : 'टाकी धुणार, दिवसभर पाणी बंद.' तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी घाईत वाचलं आणि वॉटर्लू ही टँकरवाल्यांची नवी एजन्सी समजून नंबर मागायला नानांचं दार वाजवलं. नानांनी त्यांना बसवून घेऊन तासभर नेपोलियन सांगितला. बादल्या रिकाम्याच राहिल्या.

लग्नाची पत्रिका हातात आली की नाना आधी तारीख बघतात, वधूवर मागाहून. परवा एकांनी, हॉल त्याच दिवशी मिळाला म्हणून, १२ जुलैचा काढीव मुहूर्त धरला होता. "१२ जुलै? पानशेत फुटलं!" नाना केवढ्यांदा ओरडले! वरबापाचा चेहरा पडला तसं नानांनी सावरून घेतलं, "पण ते सकाळी हो. १९६१ ला. तुमचा मुहूर्त संध्याकाळचा आहे ना? मग काही हरकत नाही."

'बहुतेक' या शब्दाचं मात्र त्यांना वावडं. "पानिपत बहुतेक संक्रांतीलाच झालं ना?" असं मी एकदा बोलून गेलो. झालं! "बहुतेक? १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी! आणि संक्रांत तेव्हा आधीच होऊन गेलेली होती. इतिहासात बहुतेक नसतं. बहुतेक हवामान खात्यात असतं."

शेजारच्या सूनबाईंना डॉक्टरांनी सिझेरियनसाठी ७ नोव्हेंबर दिली, तेव्हा नाना खास जाऊन सांगून आले, "एक दिवस कळ काढता आली तर बघा. आठला पुलं मिळतील." डॉक्टर पुलंसाठी थांबले नाहीत. बाळ सातलाच झालं. दुसऱ्या दिवशी नाना पेढे घेऊन हजर. रात्रभर वह्या उपसल्याचं डोळ्यांवर दिसत होतं. "सूनबाई, चुकलं माझं. मेरी क्यूरी सातच्या, सी. व्ही. रामन सातचे. बाईंची दोन, रामनांचं एक. एका तारखेत तीन नोबेल! आणि १९०० साली याच दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४." बाळ जांभई देऊन झोपलं.

शाळेचं रजिस्टर हा नानांचा हळवा विषय. कारण त्यांची स्वतःची जन्मतारीख १ जून. या तारखेला आमच्या सोसायटीत एकूण नऊ ज्येष्ठ नागरिक जन्मले आहेत, वेगवेगळ्या नऊ गावांत. पोराला शाळेत घातलं, बापाला तारीख ठाऊक नाही, शाळा जूनमध्ये उघडते. गुरुजींनी टाक बुडवला आणि १ जून लावून टाकली. एवढ्यावर एका अख्ख्या पिढीची पेन्शन निघाली.

नानांची आई सांगायची, "भुईमूग काढणीत झालास. येलाच्या शेंगा तोडता तोडताच कळा सुरू झाल्या." यावर नाना आजही तावातावाने विचारतात, "जिरायती रानात जूनमध्ये भुईमूग निघतो का? जूनमध्ये पेरतात!" जन्माची नोंद मिळावी म्हणून त्यांनी तालुक्याला खेटे घालून कोतवाल बुक काढायला लावलं. नेमक्या त्या सालाची पानं वाळवीनं नेलेली. जगातल्या सगळ्यांच्या तारखा पाठ असलेला माणूस ती चाळण झालेली पानं उन्हाला धरून बघत होता, असं वहिनी सांगतात.

तरी १ जूनला फळा भरलेला असतो : १९२९, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना; १९३०, डेक्कन क्वीन सुरू; १९४८, पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी. पोरं केक आणतात. नाना सुरी घेतात, पण स्पष्ट सांगून, "हा एसटीचा केक आहे. मी नुसता कापतोय."

यंदा दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी नाना खालच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. मांडीवर कागदाचा पुडा, त्यात मिठात उकडलेल्या ओल्या शेंगा, वाफ अजून निघत होती. पलीकडे वहिनी, नवी साडी नेसून. फळ्यावर सकाळचं जे होतं ते होतं, त्यात भर नव्हती.

"काय नाना, आज काय विशेष?"

नानांनी पुडा माझ्यापुढे केला.

"घ्या," म्हणाले, "आज आहे, बहुतेक."