कॅडिलॅककाका

मिशिगनमधल्या आमच्या शेजाऱ्यांना आमच्या घरात कॅडिलॅककाका म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, जन्म डेट्रॉइटचा, नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. त्यांची 1976 सालची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल आम्ही इथे राहायला आल्यापासून विकायला आहे. ठाण्याचे माझे मामा त्यांची बजाज स्कूटर अशीच विकत असतात. आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजतात आणि वाटेला लावतात. त्यामुळे काकांची मला कधी नवलाई वाटली नाही.

गाडी जवळजवळ 19 फूट लांब, इंजिन 8.2 लिटरचं, पेट्रोल पिते पाण्यासारखं. गॅरेजचं दार लागेना म्हणून काकांनी मागची भिंत पाडून दोन फूट मागे सरकवली. ती भिंत आता काकूंच्या टोमॅटोच्या वाफ्यात उभी आहे. काकू हा विषय निघाला की फक्त टोमॅटोचा बाजारभाव सांगतात.

1976 साली कॅडिलॅकने गाजावाजा केला, की अमेरिकेत बनणारी ही शेवटची उघड्या टपाची गाडी. किंमत 11 हजार डॉलरच्या आसपास होती, पण लोकांनी वर पैसे मोजून घेतल्या. 14 हजार गाड्या बनल्या, त्यातल्या शेवटच्या 200 आतून-बाहेरून पांढऱ्या. कित्येकांनी तर सोनं घ्यावं तशी घेऊन झाकून ठेवली. पुढे 1982 साली क्रायस्लरने उघडी गाडी आणली आणि 1984च्या मॉडेलात खुद्द कॅडिलॅकनेही. चिडलेल्या काही मालकांनी कंपनीवर दावा ठोकला. काका त्यात नव्हते. ‘‘मी काही गुंतवणूक म्हणून घेतली नव्हती,’’ असं ते म्हणतात, तेव्हा काकू चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतात.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत गाडी आत जाते. टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध, बॅटरीला चार्जर आणि उंदरांनी सीट कुरतडू नये म्हणून ड्रायरमध्ये टाकतात ते वासाचे कागद जागोजागी. एप्रिलमध्ये दोन-चार चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की मगच बाहेर. मग काका स्टुलावर बसून टायरवरचे पांढरे पट्टे टूथब्रशने घासतात. ब्रश काकूंचा जुना, हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे काका पुढच्या काचेला ‘विकणे आहे’ असा कागद लावून शेजारी घडीची खुर्ची टाकून बसतात. कागदावरच्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे उन्हाने उडून गेलेत. मी एकदा मार्कर पुढे केला. ‘‘ज्याला खरंच हवी असेल, तो शोधत येईल,’’ म्हणाले.

येतातही लोक. आल्या आल्या त्यांच्या हातात फाइल पडते. तीत 1976 पासून प्रत्येक ऑइल बदलल्याची पावती आहे. मागच्या दिव्यांपाशी बंपरला जोडणारे रबरी तुकडे असतात; बहुतेक गाड्यांचे ते केव्हाच भुगा होऊन गळून पडलेत. काकांचे मूळचे आहेत. ‘‘बघा, पण बोट लावू नका.’’ ज्याने भाव आधी विचारला, तो बाद. दार आपटलं, बाद. घासाघीस करणाऱ्याला एकच वाक्य मिळतं, ‘‘माझ्याकडे काय आहे, ते मला माहीत आहे.’’ एक सद्‌गृहस्थ तर सांगितलेली पूर्ण रक्कम द्यायला तयार झाले. काकांनी विचारलं, ‘‘पावसात काढणार का?’’ ते सहज म्हणाले, ‘‘टप आहे ना!’’ फाइल मिटली.

या वसंतात रॉयल ओकहून एक तरुण शाळामास्तर आला. भावाचं बोलला नाही. गुडघ्यावर बसून त्याने दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत का ते पाहिलं. ती बुजली की दार आतून गंजतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. तासाभरात कागदांवर सह्या झाल्या. सांगितलेल्या किमतीतून काकांनी आपण होऊन बरेच पैसे कमी केले. संध्याकाळी काकू टोमॅटोची जादा रोपं घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. रॉयल ओकमधल्या जुन्या घरांची गॅरेजं आखूड असतात, आणि मास्तरच्या घरी भिंत पाडू द्यायला त्याची बायको तयार नाही. गाडी आता हिवाळा-उन्हाळा काकांच्याच गॅरेजमध्ये असते. मालक मास्तर आहे, विमा तोच भरतो, रविवारी येऊन चक्कर मारून जातो. किल्ली काकांकडे असते, आणि पाऊस असेल तर ते देत नाहीत.