पाकिटात पाकीट

टपाली मतदानाची रीत अशी: मतपत्रिकेवर खूण करून ती लहान पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं आणि त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा. मग घोषणापत्र भरायचं, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही घ्यायची आणि ते लहान पाकिटाच्या बाहेर पण मोठ्या पाकिटाच्या आत ठेवायचं. घोषणापत्र चुकून लहान पाकिटात गेलं तर मत बाद, आणि लहान पाकीट न उघडताच बाद. ही करामत करायची कुणी? निवडणुकीच्या ड्यूटीवरच्या मास्तरांनी, ग्रामसेवकांनी, पोलिसांनी. आठवडाभर गावाला मत कसं द्यावं ते शिकवणाऱ्यांपैकी काहींचं स्वतःचं मत मोजणीच्या टेबलावर असं पाकिटातच गुदमरतं. तरी त्यांना कुणी उदासीन म्हणत नाही. उदासीन कोण, तर बुऱ्हाणपूरच्या शिकारपुऱ्यातला, भिवंडीच्या लूमवर गेलेला माणूस. त्याला जागं करायला बुऱ्हाणपुरात शाळकरी पोरांची प्रभातफेरी निघते. तो जागाच असतो, फक्त भिवंडीत, रात्रपाळीला.

मुद्दा एवढाच की आपल्याकडे गैरहजर मतदाराची सोय आहे, पण ती सरकारी कामासाठी, किंवा फार तर वयामुळे-अपंगत्वामुळे, गैरहजर असणाऱ्याची. पोटासाठी गैरहजर असणाऱ्याची नाही. पुरावा नियमांतच आहे. सीमेवरच्या जवानाला 2016 पासून मतपत्रिका इंटरनेटवरून जाते. 2019 मध्ये 1961 च्या निवडणूक नियमांत दुरुस्ती होऊन 80 वर्षांवरच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना घरून मतदानाची सोय झाली, आणि 2024 मध्ये 80 चे 85 झाले. म्हणजे 82 वर्षांच्या आजोबांकडे यंत्रणा एकदा घरी आली आणि नंतर तीच त्यांना म्हणाली, अजून लहान आहात. शिवाय हे नियम लोकसभा-विधानसभेचे. नगर निगमाच्या निवडणुकीचा आयोग वेगळा, कायदा वेगळा. ज्या निवडणुकीत एकेका वार्डाचा निकाल चार गल्ल्यांवर ठरतो, तिथे गैरहजराची किंमत सगळ्यात जास्त आणि सोय सगळ्यात कमी. 6 जुलै 2022 ला बुऱ्हाणपुरात मतदान झालं आणि महापौरपदाचा फैसला 542 मतांनी लागला. भिवंडी-सुरतेला जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यांत एवढी माणसं सहज मावतात. ती कुणाला मतं देती हा प्रश्न नाही. ती मोजण्यात नव्हती, हा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ज्यानं गाव सोडलं त्यानं नाव तिकडेच नोंदवावं. कायदाही म्हणतो की नाव सामान्यतः राहतो तिथे. आता लूमवाला सामान्यतः राहतो कुठे? कारखान्याच्या माळ्यावर दहा जणांत एक खोली, भाडेपावती कुणाच्याच नावावर नाही, तेजी असेतो तिथे, मंदी आली की परत शिकारपुऱ्यात. नळाचं पाणी, गटार, घरपट्टी, पोरांची शाळा सगळं बुऱ्हाणपुरात. ज्या वार्डात त्याची बायको पहाटे नळाशी नंबर लावते, त्या वार्डाचा पार्षद निवडायचा हक्क त्यानं भिवंडीच्या माळ्यावर का टाकून यावा? बरं, सुट्टी. मतदानाची सुट्टी मध्य प्रदेशात जाहीर होते, त्याचं भिवंडीच्या शेठला काय? 2022 चं मतदान बुधवारी होतं. रात्रभर गाडीत काढून बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनात उतरायचं, मत द्यायचं, परत रात्रभर गाडी, आणि मीटरवर मजुरी असलेल्या माणसाचे कमीत कमी दोन दिवस कोरे. एवढं करून केंद्रावर कळायचं की नाव पलीकडच्या वार्डात सरकलंय! लाज वाटायला हवी ती ज्यांनी नाव सरकवलं त्यांना; पण ‘जागरूक व्हा’ची पाटी धरायची वेळ येते सातवीतल्या पोरावर, तीही भर पावसात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही: आधी किंवा दुरून मतदान केलं तर गुप्तता जाते, दबाव येतो, लूमचा मालकच बटण दाबून घेईल. भीती खरी आहे. म्हणूनच पाकीट हातात देऊन मोकळं होऊ नये. भिवंडीत, सुरतेत मतदानाआधी दोन-तीन दिवस सरकारी केंद्र उघडावं, आडोसा असावा, उमेदवारांचे प्रतिनिधी बसावेत. एका केंद्रातून 72 मतदारसंघांची मतं घेणारं यंत्र 2023 च्या जानेवारीत राजकीय पक्षांसमोर आणलं गेलं. शंका निघाल्या आणि यंत्र कापडाखाली गेलं. शंकांची उत्तरं शोधण्यापेक्षा यंत्र झाकणं सोपं. एस्टोनियानं 2005 मध्ये इंटरनेटवरून मतदान सुरू केलं ते स्थानिक निवडणुकीपासूनच. ते आपण उचलावं असं नाही, त्यावरही वाद आहेतच. पण प्रयोग लहान गावापासून करायचा असतो, एवढी अक्कल त्यांच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

तिसरं म्हणणं असं की आधी मत देणारा प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांना मुकतो. मुकतो खरा. त्या दोन रात्रींत विचार पोचतात की नाही देव जाणे, पाकिटं मात्र पोचतात. त्यांना अनुक्रमांक नाही, घोषणापत्र नाही, राजपत्रित अधिकारी तर नाहीच, आणि एकही पाकीट बाद होत नाही. बाहेरगावचा मतदारही ती वाटणाऱ्यांना बरोबर सापडतो: भिवंडीतला पत्ता, मोबाइल नंबर, घरात मतं किती, सगळं तोंडपाठ. गाडी ठरते, जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, वाटेत भुसावळला जेवण. गैरहजर मतदाराची चालू स्थितीतली सोय गावात एवढीच आहे, आणि ती उमेदवार चालवतो. गुप्ततेची काळजी करणाऱ्यांनी 2027 ला त्या गाडीत बसून बघावं. गाडीत कोण चढलं याची यादी ड्रायव्हरशेजारच्या कार्यकर्त्याकडे असते, आणि परतीचं भाडं तो मतदानानंतरच देतो.